परप्रांतांतील प्रवेश आणि घरचे अंदाज

बारावीचे व प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले कीं गुलमंडीच्या पेढ्यांवर आणि मोंढ्यांतील अडतींवर एकच प्रश्न ऐकूं येऊं लागतो. "आमच्या मुलाला इतके गुण पडले, दिल्लीला किंवा सुरतकलला नंबर लागेल काय?" उत्तर देणारेही तितक्याच तत्परतेनें पुढें सरसावतात. कोणी भाच्याचा दाखला देतो, कोणी शिकवणीवाल्या मास्तरांचा हवाला देतो, आणि चहा संपण्यापूर्वीं त्या मुलाचें भवितव्य ठरून जातें. ज्या व्यापाऱ्यानें गतवर्षींच्या भावानें यंदाचा कापूस कधीं घेतला नाहीं, तोच मुलाच्या आयुष्याचा सौदा ऐकीव भावानें करतो, हें पाहून आम्हांस खेद होतो. प्रवेशाची संधि किती, हा दैवाचा प्रश्न नसून बव्हंशीं हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब तर आमच्या शहरास चांगला येतो.

पहिला भ्रम गुणांचा. गुणांचें मोल दर वर्षीं बदलतें. 2024 सालीं नीट परीक्षेच्या सुधारलेल्या निकालांत 17 विद्यार्थ्यांस 720 पैकीं 720 गुण होते. पुढच्याच वर्षीं, 2025 सालीं, सबंध देशांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास 686 गुण होते. तेव्हां "गेल्या सालीं इतक्या गुणांवर अमक्याचा नंबर लागला" हें विधान खरें असूनही निरुपयोगी ठरतें. तुलना करावयाची ती गुणांची नव्हे, देशांतील क्रमांकाची.

दुसरा भ्रम "पात्र" या शब्दाचा. 2024 सालीं नीटला 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले व त्यांतील 13 लाखांहून अधिक पात्र ठरले. एम.बी.बी.एस.च्या सरकारी व खासगी मिळून जागा मात्र लाखाच्या थोड्या वर होत्या. अकरा-बारा पात्रांमागें एक जागा, असा हा हिशेब पडतो. पात्रता म्हणजे कचेरींत शिरण्याचा परवाना. दावा जिंकल्याचा हुकूमनामा नव्हे. तरी पात्रतेच्या निकालासच पेढे वाटणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं तींच घरें खिन्न बसलेलीं पाहिलीं आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती जागांच्या वाटणीची. देशांत जागा किती, हें विचारून भागत नाहीं. आपल्या मुलास खुल्या असलेल्या जागा किती, हें विचारावें लागतें. परप्रांतांतील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शेंकडा 85 जागा त्या त्या प्रांताच्या असतात. मराठवाड्याच्या मुलानें तेथील अखिल भारतीय वांट्याच्या शेंकडा 15 जागांकडेच पाहिलें पाहिजे. एम्ससारख्या केंद्रीय संस्था तेवढ्या निराळ्या. एन.आय.टी. संस्थांत सामान्यतः निम्म्या जागा स्थानिक प्रांतास व निम्म्या इतरांस असतात. म्हणून नागपूरच्या संस्थेंत आमचा मुलगा घरचा, तर सुरतकलला किंवा तिरुचिरापल्लीला पाहुणा. आय.आय.टी.त प्रांताचा भेद नाहीं. दिल्ली विद्यापीठाची तऱ्हा आणखी वेगळी. 2021 सालीं तेथील कांहीं महाविद्यालयांनीं शंभर टक्के गुणांची अट लाविली होती. 2022 पासून सी.यू.ई.टी. ही सामाईक परीक्षा आली आणि बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते उरले. हें ठाऊक नसलेला बाप अजून शेंकडेवारीच्या आंकड्यावर मुलाला धीर देत असतो.

मग अंदाज करावा कसा? अभियांत्रिकीच्या व वैद्यकीय प्रवेशाचा प्रत्येक फेरींतील शेवटचा क्रमांक सरकारी यंत्रणा स्वतः प्रसिद्ध करतात. त्यास एक पैही पडत नाहीं. मागील तीन वर्षांचे आंकडे घ्यावे. आपला प्रवर्ग, आपला प्रांतवांटा व शेवटची फेरी एवढेंच पाहावें. तिन्ही वर्षीं आपला क्रमांक आंत बसत असेल तर ती जागा भरंवशाची, एखाद्या वर्षीं बसला तर संशयाची, कधींच न बसला तर आशेची. अर्जांत तिन्ही प्रकार असावे, आणि त्यांचा क्रम मात्र केवळ आवडीचा असावा. आशेची जागा वर लिहिल्यानें भरंवशाची जागा जात नाहीं. क्रमांकास जी सर्वांत वरची पसंती मिळूं शकते तीच यंत्रणा देते. उलट, भीतीनें सोपी जागा वर लिहिणारा स्वतःच्याच हातानें खालीं उतरतो.

कागदपत्रांविषयीं वकिलाच्या नात्यानें दोन शब्द. राज्याचा प्रवर्ग केंद्रांत चालतोच असें नाहीं. 2024 च्या कायद्यानें राज्यांत मिळालेलें मराठा समाजाचें एस.ई.बी.सी. आरक्षण केंद्रीय प्रवेशांत लागू नाहीं. इतर मागासवर्गीयांचें नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यांत, आणि अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशास त्या वर्षींच्या एक एप्रिलनंतरचें, लागतें. चांगला क्रमांक असून तारखेपायीं जागा गमावणें, ही मुदत टळल्यामुळें खरा दावा हरण्यासारखी गोष्ट आहे.

जेथें लोकांस हिशेब येत नाहीं तेथें दलाल माजतात. "परप्रांतांत ओळख आहे, जागा निश्चित" असें सांगून आगाऊ रक्कम घेणाऱ्यांच्या पावत्या घेऊन पालक आमच्या दप्तरीं येतात. बहुधा पावतीही नसते. महाराष्ट्रांत 1987 पासून देणगीवर प्रवेश देणें हा गुन्हा आहे, आणि वैद्यकीय जागा नीटच्या क्रमांकावांचून कायदेशीरपणें कोठेंच मिळत नाहीं. जी वस्तु विकण्याचा हक्क विकणाऱ्यास नाहीं, ती विकत घेणारा शहाणा व्यापारी कसा म्हणवेल?

आतां, हा सर्व हिशेब अचूक करूनही आमच्यांतील पुष्कळ घरें एक संधि मुळांतच खोडून टाकतात, ती मुलीची. आय.आय.टी. व एन.आय.टी. संस्थांत 2018 पासून मुलींकरितां जादा जागा निर्माण झाल्या, आणि त्यांचा शेवटचा क्रमांक निराळा प्रसिद्ध होतो. परिणाम असा कीं, सारख्याच क्रमांकावर बहिणीची संधि भावाहून पुष्कळदां अधिक असते. तरीही भावाच्या अर्जांत पन्नास संस्था आणि बहिणीच्या अर्जांत "गांवांतील किंवा फार तर पुणें", हा प्रकार सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतही चालतो. परीक्षेनें जिला पुढें बोलाविलें तिला उंबरठा मागें ओढतो. "लांब आहे, काळजी वाटते" हें म्हणणें आम्हीं हंसण्यावारी नेत नाहीं. वसतिगृह पाहून या, ओळखीचें घर शोधा, पहिल्या सत्रास आई सोबत राहूं द्या. परंतु काळजी खरी असेल तर ती मुलाच्या बाबतींतही दिसली पाहिजे. एकाच्या बाबतींत तयारी आणि दुसरीच्या बाबतींत बंदी, यास काळजी म्हणत नाहींत.

या शहरास परप्रांतांतील विद्येचें भय शोभत नाहीं. 1938 सालीं येथील इंटरमीजिएट कॉलेजांत व हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठांत वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांवर निजामी राजवटीचा रोष झाला. अनेकांचीं नांवें काढून टाकण्यांत आलीं. तेव्हां कुलगुरु टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठानें त्यांस आश्रय दिला. त्या पिढीपाशीं आंकडे नव्हते, कर्जाची सोय नव्हती, घरीं परत येण्याची शाश्वतीही नव्हती. मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ 1958 पर्यंत लाभलें नाहीं. दारें बंद असतां तीं मुलें बाहेर पडलीं. आज दारें उघडीं असतां आपण मुलींस आंत कोंडावें काय?

आमची सूचना एवढीच. शहरांतील वाचनालयांनीं व व्यापारी मंडळांनीं दर उन्हाळ्यांत महिनाभर एक टेबल मांडावें. गतवर्षीं परप्रांतीं गेलेल्या विद्यार्थ्यांनीं, आणि विशेषतः विद्यार्थिनींनीं, तेथें बसून तीन वर्षांचे आंकडे व प्रमाणपत्रांची यादी येणाऱ्यास फुकट समजावून द्यावी. खर्च एका टेबलाचा व दोन खुर्च्यांचा आहे. आणि त्या टेबलाशीं येतांना बापानें मुलाबरोबर मुलीचाही निकाल खिशांत घालून यावें.