एक डॉट आणि सातबारा

वीकेंडला रोहण्याला घरी गेलो आणि बाबांनी कामाला लावलं. शेतीची कागदं ठेवायला मीच बनवलेलं अ‍ॅप, सातबारा शेअर करायला गेलं की धाडकन बंद! चूक माझीच. 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून फाइलचा थेट पत्ता दुसऱ्या अ‍ॅपला देता येत नाही, मध्ये फाइलप्रोव्हायडर लागतो. घाईत त्याच्या पाथमध्ये नुसता डॉट टाकला. चाललं की! पण डॉट म्हणजे अख्खं फोल्डर शेअरिंगच्या टप्प्यात, आणि त्यातच आईच्या पासबुकाचे फोटो. बापरे! मग पाठवायच्या कागदांचं वेगळं फोल्डर केलं, पाथ तेवढाच दिला. परवानगीही त्या एका फाइलपुरती, फक्त वाचायची.

बाबा म्हणाले, "म्हनजे वावराले एकच फाटक ठेवलं तू."

सातबारा गेला एकदाचा. आता काकांच्या फोनवरही टाक म्हणतायत!