पेटी धाकट्यांची, वड थोरल्यांचा

डहाणू तालुक्यातल्या कासा परिसरात या आठवड्यात वटवाघळांसाठी लाकडी पेट्या टांगल्या गेल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. खटकलं ते एवढंच, की चिकूच्या वाडीत पेटी लावून ‘फळांवरची वटवाघळं आता इथे राहतील’ असं सांगितलं गेलं. फळं खाणारं मोठं वटवाघूळ पेटीत शिरत नाही. पंख पसरले की चार फूट भरणारा हा प्राणी वडा-चिंचेच्या उघड्या फांद्यांना थव्याने लटकतो. पेटी लागते ती फटीत राहणाऱ्या, किडे खाणाऱ्या चिमुकल्या वाघळांना. आणि ती हवी भाताच्या बांधावर.

स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी भातशेती आहे. सपाट मुलूख, दिवसा दडायला जागा कमी. तिथे पेट्या लावल्यावर छोटी वटवाघळं वस्तीला आली, वाढली आणि खोडकिड्याचा उपद्रव घटत गेला. 2015 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या खोडकिड्याची जात वेगळी, रीत तीच. अळी खोडात शिरली की फवारणी पोचत नाही. गाभा मरतो, पळींज पडते. तिचा पतंग मात्र रात्री उघड्यावर उडतो, आणि तीच वाघळांच्या शिकारीची वेळ. कौलांच्या नि कुडांच्या फटीत त्यांना आसरा होता. घरांवर स्लॅब आले, फटी गेल्या. ती उणीव पेटी भरून काढू शकते. फट बोटभर रुंद, आतलं लाकूड खरबरीत, रंग नाही, तळ उघडा, उंची बारा-पंधरा फूट. तोंड पूर्वेकडे हवं. आपल्या मे महिन्यात दुपारचं ऊन लागलेल्या पेटीत जीव भाजून निघतील.

थोरल्यांना मात्र जुनं झाडच हवं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्यांची गणना उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. मोहाची फळं तीच खातात आणि बिया रानभर पोचवतात. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू, म्हणून उठलेली वसाहत भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. रस्त्यासाठी वड तोडायचा आणि बदल्यात रोपं मोजून दाखवायची, या हिशेबाला माझा विरोध वाचकांना ठाऊक आहे. वटवाघळांच्या बाबतीत तो मला आणखी चुकीचा वाटतो, कारण रोपाला लटकता येत नाही.

डहाणू-तलासरीला पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. इथल्या ग्रामसभांनी वटवाघळांची वस्ती असलेलं प्रत्येक झाड ठरावात नोंदवावं, आणि तेही रस्त्याची आखणी होण्याआधी.