आषाढातला पाला

पाला म्हटलं की तुम्हाला पालापाचोळा आठवत असेल. माझ्या लहानपणी बडोद्यातल्या आमच्या घरात आषाढ लागला की पाला म्हणजे एकच, भरूचहून येणारा चांदीसारखा, काट्यांनी भरलेला मासा. बंगाल्यांचा इलिश तो हाच. गुजरातीत त्याच्या मादीला मोदार म्हणतात. आमची माछण ओट्यावर टोपली उतरवून आजीला आधी "मोदार छे, बा" एवढंच सांगायची. गाभोळी दिसली की आजीची घासाघीस लवकर आटपे.

परवा नर्मदेच्या कालव्याकाठून जाताना भाचा सहज म्हणाला, "मावशी, हे पाणी वळवलं नसतं तर समुद्रात फुकटच गेलं असतं ना?" मला एकदम ती टोपली आठवली. खरं तर इतकी वर्षं मीही हेच म्हणत आले. कच्छ-सौराष्ट्रात जिथे टँकरची वाट पाहावी लागे तिथे हे पाणी पोचलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण "फुकट" हा शब्द मात्र मी आता सोडला आहे.

पाला समुद्रात राहतो, अंडी घालायला मात्र त्याला नदी लागते. पावसाळ्यात गढूळ गोडं पाणी खाडीत लांबवर ढकललं जातं, आणि त्या पाण्याच्या मागावर तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. पिल्लं नदीत-खाडीत वाढून समुद्रात परततात. म्हणजे तुमच्या हिशेबात जे पाणी वाया गेलं, तेच त्याचं आमंत्रण. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला. त्याआधी हा मासा थेट अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही वर पोचत असे.

नर्मदेच्या पाण्याची वाटणी लवादाने १९७९ साली केली. एकूण २८ दशलक्ष एकर-फूट पाणी, त्यात मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. बेरीज करून पाहा, बरोबर २८ येते. नदीच्या स्वतःच्या नावावर त्यात थेंबही नाही. पुढे धरणाखाली निदान ६०० क्युसेक सोडायचं ठरलं. मुख्य कालव्याची क्षमता मुखाशी ४०,००० क्युसेक आहे, म्हणजे हा आकडा केवढासा ते कळेल. धरणापासून समुद्रापर्यंत सुमारे १६० किलोमीटर नदी एवढ्यावर जगवायची! २०१८च्या उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी भरूचच्याही वर चढलं, तेव्हा मच्छीमारांइतकेच काठचे शेतकरीही हवालदिल झाले. मासा नाहीसा होणं ही पहिली सूचना होती, ती आपण ताटातली तक्रार समजून सोडून दिली.

धरणाने मासे मिळत नाहीत असं नाही. नर्मदेच्याच उपनदीवर, तवा जलाशयात, विस्थापितांच्या सहकारी संघाने १९९६पासून दहा वर्षं मासेमारी स्वतः चालवून दाखवली. पण जलाशयात रोहू-कटला सोडता येतात, पाला नाही. त्याला वाहती नदी आणि समुद्र दोन्ही लागतात.

भरूचच्या खाली भाडभूत गाव आहे. आपण आषाढी एकादशीला साबुदाणा भिजवतो, त्याच दिवशी तिथले मच्छीमार नर्मदेला दूध वाहून पाल्याचा हंगाम सुरू करतात. आता तिथेच नदीवर ९० दरवाजांचा बंधारा होतो आहे. खारं पाणी अडेल आणि गोडं साठेल, हा त्यामागचा हिशेब. जो दरवाजा भरती अडवतो तो मासाही अडवणारच, असं मच्छीमार म्हणतात. त्यांनी विरोध केला. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण खारं पाणी वर आलं ते वरून गोडं येईनासं झालं म्हणून. दुखणं एका ठिकाणी आणि पट्टी दुसरीकडे.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण मावशी, तो मासा लागतो कसा?" आता याला काय सांगू! बाजारात विचारलं तर बर्फातला बाहेरचा पाला मिळाला, कडक आणि बिनगाभोळीचा. त्याला तो आवडला. मी काटे काढून दिले आणि काही बोलले नाही. एकादशीनंतरच्या रविवारी आम्ही दोघं भाडभूतला जाणार आहोत. टोपली मात्र आजीचीच नेणार, रिकामी आली तरी चालेल.