ठिपका दिसला म्हणजे तारा नव्हे!

चिलीतल्या वेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिले फोटो जगाला दाखवले. सर्व्हे पूर्ण जोरात चालू असताना ही दुर्बीण एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट डेटा तयार करते. तुमच्या १२८ जीबीच्या फोनसारखे दीडशे फोन एका रात्रीत फुल्ल! एवढं सगळं डोळ्यांनी बघणार कोण? म्हणजे तारा कुठला आणि दीर्घिका कुठली, हे आधी कोडच ठरवणार.

यात जुनाच एक धोका आहे. फोटोत टोकदार ठिपका दिसला तर तारा, पसरट डाग दिसला तर दीर्घिका, हा नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण त्याच नियमामुळे दीर्घिकांची एक अख्खी जात कित्येक वर्षं नजरेतून सुटली होती.

१९९० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात मायकेल ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी फॉरनॅक्स दीर्घिकासमूह तपासताना हा फिल्टरच काढून टाकला. त्यांच्याकडचं यंत्र एका वेळी ४०० वस्तूंचा वर्णपट घ्यायचं. मग काय, तारा वाटो की दीर्घिका, सगळ्यांनाच रांगेत उभं केलं. काही ‘ताऱ्यांचा’ प्रकाश लाल रंगाकडे इतका सरकलेला निघाला, की ते आपल्या आकाशगंगेतले असूच शकत नव्हते. ते होते सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षं दूर, थेट फॉरनॅक्समध्ये! आज त्यांना अल्ट्रा-कॉम्पॅक्ट ड्वार्फ, म्हणजे यूसीडी म्हणतात.

किती छोट्या? कन्या समूहातली एम६०-यूसीडी१ घ्या. रुंदी जेमतेम ३०० प्रकाशवर्षं. आपली आकाशगंगा सुमारे १ लाख. पण त्या एवढ्याशा जागेत १४ कोटी सूर्यांइतकं वस्तुमान कोंबलेलं आहे.

मग या आल्या कुठून? एक मत असं, की हे फक्त खूप मोठे तारकागुच्छ आहेत. दुसरं मत असं, की मोठ्या शेजाऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने एखाद्या दीर्घिकेचे बाहेरचे तारे ओरबाडून नेले आणि मागे उरला फक्त गाभा. आंबा खाऊन झाल्यावर कोय उरते, तसं.

२०१४ मध्ये अनिल सेठ यांच्या गटाला एम६०-यूसीडी१ मध्ये सुमारे २.१ कोटी सूर्यांइतकं कृष्णविवर सापडलं, म्हणजे एकूण वस्तुमानाच्या १५ टक्के! साध्या तारकागुच्छात एवढं मोठं कृष्णविवर अपेक्षितच नाही. पुढे २०२३ मध्ये कन्या समूहातच अर्धवट ओरबाडलेल्या शंभरहून जास्त दीर्घिका सापडल्या, आणि मधली कडी जुळली. सगळ्याच यूसीडी अशा बनल्या असं मात्र नाही. त्यातल्या काही खरोखर तारकागुच्छच असाव्यात.

ठिपक्याला ‘तारा’ हे लेबल लागलं की त्याच्या पोटातलं कृष्णविवरही मोजणीतून गळतं. म्हणून रुबिनच्या डेटावर कोड लिहिणाऱ्यांनी अचूकता किती टक्के, एवढंच बघून थांबू नये. फिल्टरने जे बाजूला टाकलं, त्यातलं थोडं उचलून वर्णपट तपासायला हवा. यूसीडी तिथेच सापडल्या होत्या.