किल्ल्यांचा जुडगा

माझ्या आजीच्या माहेरची एक गोष्ट आई नेहमी सांगायची. घरातल्या थोरल्या काकूंनी एका दिवाळीत किल्ल्यांचा जुडगा धाकट्या सुनेच्या हातात ठेवला. गल्लीभर कौतुक झालं. बघा, सुनेच्या हाती कारभार दिला! सुनेनं कोठीचं दार उघडलं तर कणगीत दाणा नाही, वाण्याची उधारी थकलेली, मळा गहाण. दोन वर्षांनी घर मोडलं तेव्हा लोक काय म्हणाले असतील ते तुम्हाला सांगायला नकोच. सून पांढऱ्या पायाची.

ही गोष्ट आठवली ती स्पेनमधल्या एका पक्षाबद्दल वाचताना. तुम्ही म्हणाल, स्पेनचं राजकारण आणि आपण, काय संबंध? मलाही स्पेन म्हणजे फुटबॉल आणि 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधली टोमॅटोची होळी, एवढंच माहीत होतं. पण हा पक्ष स्वतःला बायकांचा पक्ष म्हणवतो. पुरुष नेत्यानं खुर्ची सोडली आणि कारभार बायकांकडे गेला. पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे.

पक्षाचं नाव पोदेमोस. अर्थ अगदी साधा, 'आपल्याला जमतं'. १५ मे २०११ ला माद्रिदमध्ये मोठा मोर्चा निघाला आणि मग पुएर्ता देल सोल चौकात तरुण मुलंमुली तंबू ठोकून बसली. मंदीनं नोकऱ्या गेल्या होत्या. पुढच्या दोन वर्षांत तर तरुणांमधली बेकारी निम्म्याच्या वर गेली. घराचे हप्ते थकले की बँक घर काढून घ्यायची, आणि एवढं करून कर्ज फिटायचं नाहीच, उरलेली रक्कम मानगुटीवर असायचीच. त्या संतापातून जानेवारी २०१४ मध्ये हा पक्ष जन्मला. चेहरा पाब्लो इग्लेसियास, माद्रिदच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे, केसांची शेपटी बांधणारे, टीव्हीवर फर्डं बोलणारे. चारच महिन्यांत युरोपच्या संसदेत पाच जागा आल्या. गंमत अशी, की त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षानं चिन्ह म्हणून छापला तो इग्लेसियास यांचाच चेहरा! 'आपल्याला' जमतं म्हणणाऱ्यांचा पक्ष, पण फोटो एकाचाच. मला वाटतं, पुढचं सगळं इथंच ठरलं होतं.

२०१५ च्या डिसेंबरात मित्रपक्षांसह ६९ खासदार निवडून आले. जानेवारीत संसद भरली तेव्हा पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, कारोलिना बेस्कान्सा, तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन सभागृहात आल्या आणि बाकावर बसून त्याला दूध पाजलं. फोटो जगभर छापून आला. काहींनी वाहवा केली, काहींनी 'पाळणाघर आहे की संसद' अशी टीका केली. टीका करणाऱ्यांत बायकाही होत्या बरं का. पण दोनेक वर्षांत पक्षांतर्गत भांडणात या बाई बाजूला पडल्या, याचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

२०१७ मध्ये माद्रिदच्या विस्तालेग्रे सभागृहात दोन जिवलग मित्रांची लढत झाली, इग्लेसियास आणि इनिगो एरेहोन. एरेहोन हरले, दोन वर्षांनी वेगळ्या वाटेनं गेले. पक्ष चिरला. त्यावर पेपरांतून विचारसरणीची, डावपेचांची मोठी चर्चा झाली. 'पुरुषांचं एकमेकांशी पटतच नाही' असं मात्र कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२० च्या जानेवारीत समाजवादी पक्षाच्या पेद्रो सांचेस यांच्याबरोबर पोदेमोस सत्तेत आला. लोकशाही परत आल्यापासून स्पेनमधलं ते पहिलं आघाडी सरकार. इग्लेसियास उपपंतप्रधान, त्यांच्या सहचारिणी इरेने मोंतेरो समानता खात्याच्या मंत्री. आणि आघाडीच्या कोट्यातून श्रममंत्री झाल्या योलांदा दियास, गॅलिसियातल्या कामगार पुढाऱ्याची लेक, पेशानं कामगारांची वकील.

आता किल्ल्यांचा जुडगा हातात देण्याचा दिवस. मार्च २०२१ मध्ये इग्लेसियास यांनी मंत्रिपद सोडलं आणि माद्रिद प्रांताच्या निवडणुकीत उडी घेतली. जाता जाता सांगून टाकलं, की पुढे आघाडीचं नेतृत्व योलांदा दियास यांनी करावं. त्या तर पोदेमोसच्या सभासदही नव्हत्या! माद्रिदमध्ये त्यांनी एरेहोन यांच्या पक्षाला एकत्र लढू म्हणून हात पुढे केला. तिथल्या उमेदवार मोनिका गार्सिया, इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांनी नकार दिला तो असा, की घाणेरडी कामं आम्ही करायची आणि इतिहास घडायची वेळ आली की आम्ही बाजूला व्हायचं, याचा बायकांना आता कंटाळा आलाय. वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. ४ मेच्या निकालात गार्सियांना २४ जागा मिळाल्या, इग्लेसियास यांना १०. त्याच रात्री त्यांनी राजकारण सोडलं.

जूनमध्ये इओने बेलारा सरचिटणीस झाल्या. वय ३३, शिक्षण मानसशास्त्राचं, गाव पाम्प्लोना. त्या सिनेमाच्या शेवटी तिघे मित्र बैलांपुढे धावतात ना, तेच गाव. जवळपास ८९ टक्के मतं मिळाली. आकडा भरघोस दिसतो, पण समोर तगडा उमेदवार नव्हता, आणि ऑनलाइन मतदानाला आलेले सभासदही पूर्वीच्या मानानं कमी. कोठीत तेव्हाच फार काही उरलेलं नव्हतं.

तरीही या बायकांनी काय केलं ते आधी सांगते, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. दियास यांच्या काळात किमान वेतन वाढत गेलं. २०१९ मध्ये महिना ९०० युरो होतं, ते २०२३ मध्ये १०८० झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये घरकामाला जाणाऱ्या बायकांना बेकारी भत्त्याचा हक्क मिळाला. तोवर इतर कामगारांना होता, धुणीभांडी करणारीला, म्हातारी माणसं सांभाळणारीला नव्हता. यातल्या कित्येक जणी दक्षिण अमेरिकेतून पोटासाठी आलेल्या. मोंतेरोंच्या खात्यानं २०२३ मध्ये पाळीच्या असह्य त्रासासाठी पगारी रजेचा कायदा आणला, युरोपात पहिला. हे सगळं बायकांच्या रोजच्या जगण्यातलं आहे.

आणि चूकही सांगायला हवी. पाम्प्लोनामध्येच २०१६ च्या उत्सवात पाच पुरुषांनी एका अठरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. खालच्या कोर्टानं त्याला बलात्कार मानलं नाही, कारण म्हणे पुरेशी जबरदस्ती दिसत नाही. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयानं तो बलात्कारच ठरवला. त्या संतापातून मोंतेरोंनी कायदा आणला. बाईनं स्पष्ट होकार दिला तरच होकार, गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. तत्त्व अगदी खरं. पण दोन गुन्हे एकत्र करताना किमान शिक्षा काही बाबतीत कमी झाल्या, आणि नवा कायदा आरोपीच्या फायद्याचा असेल तर जुन्या खटल्यांनाही लागू होतो, हा तिथला नियम. हजाराहून जास्त जणांच्या शिक्षा घटल्या, शंभरावर सुटले. मोंतेरोंनी दोष न्यायाधीशांच्या पुरुषी वृत्तीला दिला. मला ते पटलं नाही. आपल्या हातून टाका चुकला असेल तर उसवून परत घालावा, त्यात कसला कमीपणा? शेवटी एप्रिल २०२३ मध्ये समाजवादी पक्षानं विरोधकांच्या मतांवर कायदा दुरुस्त केला आणि पंतप्रधानांनी पीडितांची माफी मागितली.

पण चुकीची टीका वेगळी आणि मोंतेरोंच्या वाट्याला आलं ते वेगळं. त्यांच्या घराबाहेर महिनोन्‌महिने लोक घोषणा देत उभे राहायचे, आत तीन लहान मुलं. संसदेत विरोधी पक्षाच्या एका बाईंनीच सुनावलं, की इग्लेसियास यांची सोबत सोडली तर तुमची लायकी काय. आपल्याकडे सरपंचबाईला 'अमक्याची बायको म्हणून आली' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त भाषा स्पॅनिश.

एप्रिल २०२३ मध्ये दियास यांनी नवी आघाडी उभी केली. नाव 'सुमार'. हसू नका! स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ बेरीज करणं. पण त्या मेळाव्याला पोदेमोसचं नेतृत्व आलंच नाही. मे महिन्यात स्थानिक निवडणुका झाल्या आणि माद्रिद, व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक सभागृहांत पोदेमोसची एकही जागा उरली नाही. जुलैच्या सार्वत्रिक निवडणुकीत नाइलाजानं सगळे एकत्र आले, पण यादीत मोंतेरोंचं नाव नव्हतं. ३१ जागा आल्या, त्यातल्या पोदेमोसच्या पाच. नोव्हेंबरात नव्या मंत्रिमंडळात पोदेमोसचं कुणीच नाही. डिसेंबरात ते पाच जण गट सोडून वेगळे बसले. बेरीज म्हणता म्हणता वजाबाकी झाली.

मग काय, 'बायकाच बायकांच्या वैरी' हे पालुपद सुरू. योलांदा विरुद्ध इरेने! अहो, एरेहोन आणि इग्लेसियास फुटले तेव्हा कुठे होतं हे पालुपद? वाद होता तो उमेदवारीचा, पैशाचा, समाजवाद्यांशी किती जुळवून घ्यायचं याचा. पुरुषांत होतो तोच. मला वाटतं, दियास यांनी मोंतेरोंना यादीबाहेर ठेवलं ही त्यांची चूक होती, आणि बेलारांनी नंतर युक्रेन-गाझापासून घरभाड्यापर्यंत प्रत्येक प्रश्नावर आधी सुमारला झोडपायचं, ही त्यांची. पण या चुका राजकारण्यांच्या आहेत, बायकांच्या नाहीत.

जून २०२४ मध्ये युरोपच्या निवडणुकीत सुमारला तीन जागा मिळाल्या, पोदेमोसला दोन. दुसऱ्या दिवशी दियास यांनी सुमारचं नेतृत्व सोडलं, मंत्रिपद ठेवलं. ऑक्टोबरात सुमारचे संसदेतले प्रवक्ते झालेले एरेहोन यांनी, बायकांशी गैरवर्तनाचे आरोप झाल्यावर, सगळी पदं सोडली. कोर्टात त्यांनी आरोप नाकारले. बायकांच्या नावानं मतं मागणाऱ्या आघाडीतल्या बायकांना तेव्हा काय वाटलं असेल! पदर खोचून प्रचार केलेल्या मुली होत्या त्या.

एप्रिल २०२५ मध्ये पोदेमोसचं अधिवेशन भरलं. बेलारा पुन्हा सरचिटणीस, पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीचा चेहरा म्हणून मोंतेरो. आणि इग्लेसियास? राजकारण सोडल्यावर त्यांनी आपली वाहिनी काढली, लाव्हापिएस भागात एक खानावळवजा बारही उघडला. पद नाही, पण माइक हातात आहे, आणि ते बोलले की अजूनही बातमी होते. थोरल्या काकू अशाच ओसरीवर बसून असायच्या म्हणे. किल्ल्या सुनेच्या कमरेला, पण वाणी हिशेबाचं विचारायला ओसरीवरच जायचा.

पक्षाचं पुढे काय, हे मला विचाराल तर मी त्या अधिवेशनाच्या मंचाकडे बघणार नाही. पोदेमोस सुरू झाला तेव्हा गावोगाव 'वर्तुळं' होती, कुणीही यावं, बसावं, बोलावं अशी. पक्ष मोठा झाला तशी ती विरली. उमेदवार वर ठरायचे, खाली मोबाइलवर होकार द्यायचा. मग मे २०२३ मध्ये गावोगावच्या जागा गेल्या तेव्हा सावरायला खाली कोण होतं? वरच्या खुर्चीत पुरुष गेला आणि बाई आली, पण खालच्या बाईला विचारायची पद्धत काही सुरू झाली नाही. घरकाम करणाऱ्या बायका आपल्या भत्त्यासाठी वर्षानुवर्षं संघटना बांधून लढल्या. त्यांच्यातल्या किती जणींना कुठल्याही डाव्या पक्षानं यादीत वरच्या नंबरावर बसवलं? चार वर्षांची मुदत धरली तर पुढची निवडणूक २०२७ ची. त्या याद्या येतील तेव्हा मी पहिल्या नावापेक्षा पाचवं, सहावं नाव कुणाचं आहे ते आधी शोधणार आहे.