पश्चिमेची खिडकी आणि विजेचा हिशेब

नाशिकच्या सराफ बाजार परिसरातील जुन्या वाड्यांच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान असत. त्यामुळे वैशाखातही माजघर थंड राही. गंगापूर रोडवरील नव्या बंगल्यांत भिंतीची जागा काचेने घेतली. प्रकाश वाढला, परंतु दुपारी चारनंतर एसीवाचून दिवाणखान्यात बसवत नाही.

साध्या एकेरी काचेतून उन्हातील सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. दुहेरी काचेत दोन तावदानांमध्ये साधारण १२ मिलिमीटर कोरडी हवा बंदिस्त असते. त्यामुळे बाहेरच्या तापलेल्या हवेची उष्णता निम्म्याने अडते. थेट ऊन मात्र अडत नाही. ते काम लेपाचे. काचेवरील चांदीचा अतिसूक्ष्म थर प्रकाशाला वाट देतो आणि उष्णतेच्या अदृश्य किरणांना परतवितो. हा लेप बाहेरील काचेच्या पोकळीकडील बाजूस असावा.

आता हिशेब. पश्चिमेची खिडकी तीन चौरस मीटर आणि दर चौरस मीटरवर ऊन ५०० वॅट धरले, तर साध्या काचेतून १२०० वॅट उष्णता आत येते. उन्हातील ३० टक्केच उष्णता आत सोडणाऱ्या लेपित दुहेरी काचेतून ४५० वॅट येते. वाचलेली ७५० वॅट उष्णता बाहेर काढण्यास एसीला सुमारे २५० वॅट वीज लागली असती. रोज चार तास ऊन धरल्यास एक युनिट, तीन महिन्यांत ९० युनिट वाचतात. त्यास आपल्या वीजदराने गुणावे आणि काचेचा जादा खर्च त्या रकमेने भागावा; किती वर्षांत खर्च वसूल होईल ते कळते.

हा हिशेब प्रत्येक खिडकीला लागू नाही. उन्हाळ्यात नाशिकचा मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून शिरते. म्हणून सर्व घराला महाग काच बसविण्याऐवजी तो खर्च पश्चिमेच्या, एसी असलेल्या खोलीवर करणे शहाणपणाचे. रात्री गार वारा सुटल्यावर तीच खिडकी उघडता आली पाहिजे.

सौदा ठरविताना काच किती टक्के उष्णता आत सोडते आणि कडांच्या सीलची हमी किती वर्षांची, हे दोन्ही लेखी घ्यावे. सील फुटले की पोकळीत दमट हवा शिरते, काचांमध्ये धुके साचते आणि लेपही खराब होऊ लागतो.