विश्लेषण : समुद्राखालची वीजवाहिनी बिघडली तर?

25 डिसेंबर 2024 रोजी फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणारी ‘एस्टलिंक-2’ ही समुद्राखालची 650 मेगावॉटची वीजवाहिनी अचानक बंद पडली. एका तेलवाहू जहाजाचा नांगर तळावरून फरफटत गेल्याचा संशय व्यक्त झाला. वाहिनी बंद व्हायला क्षणही लागला नाही. पुन्हा सुरू व्हायला मात्र जून 2025 उजाडला. समुद्रातील पवनचक्क्यांची वीजही अशाच केबलमधून किनाऱ्यावर येते.

जमिनीवरच्या तारांपेक्षा वेगळे काय?

उघड्या तारेवर वीज कोसळली, तर ब्रेकर पुरवठा तोडतो आणि बहुतेकदा थोड्याच वेळात पुन्हा जोडतो. केबलमधला दोष असा आपोआप जात नाही. इन्सुलेशन एकदा फुटले की पुन्हा वीज सोडणे म्हणजे जळालेली जागा आणखी जाळणे. म्हणून येथे आपोआप जोडण्याची सोय सहसा बंद ठेवतात.

दोष कळतो कसा?

साधा रिले प्रवाह एकदम वाढला की काम करतो. पण पवनचक्क्यांतले कन्व्हर्टर दोषाच्या वेळीही नेहमीपेक्षा थोडाच जास्त प्रवाह देतात. त्या बाजूच्या रिलेला गडबड कळेलच असे नाही. यावर उपाय ‘डिफरन्शियल’ संरक्षणाचा. केबलच्या दोन्ही टोकांचा प्रवाह ऑप्टिकल फायबरमार्फत सतत ताडून पाहिला जातो. शिरला तेवढा बाहेर पडला नाही, तर दोष मधेच आहे. मात्र लांब केबल कपॅसिटरसारखी वागते आणि काही प्रवाह स्वतःच घेते. तो हिशेबात धरला नाही, तर धडधाकट केबलही बंद पडेल.

मग रिले पुरेसा आहे?

नाही. डेन्मार्कच्या ‘ओर्स्टेड’ कंपनीने 2021 मध्ये जाहीर केले, की तळावरच्या दगडांवर घासून केबलची संरक्षक आवरणे झिजली आहेत. दहापर्यंत पवन प्रकल्पांना त्याची झळ बसू शकत होती. खर्चाचा अंदाज होता सुमारे 3 अब्ज डॅनिश क्रोनर. झीज रिलेला दिसत नाही, त्याला दिसतो तो थेट बिघाड.

भारताने काय पाहावे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वीज किनाऱ्यावर आणण्याची जबाबदारी पॉवरग्रिडकडे आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर मोठा, तळाचा गाळही सरकतो. पुरलेली केबल उघडी पडू शकते. त्यामुळे सारी भिस्त एकाच केबलवर नको. सुटी केबल किती ठेवणार आणि दुरुस्तीचे जहाज कोठून येणार, हेही आधीच करारात हवे. जोडकामाला शांत समुद्र लागतो. गुजरातच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तो सहसा मिळत नाही.